मदत हवी आहे : सातभाईंच्या थव्यातलं हे पिल्लू पावशाचं की चातकाचं?

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमचं शेत आहे. थोडी अंजिराची बाग, बांधावर सीताफळं आणि दोन जुन्या बाभळी. तिथं सातभाईंचा एक थवा बारा महिने असतो. नाव सातभाई, पण मोजले तर नऊ भरतात. शेपटीच्या कडा पांढऱ्या नाहीत, म्हणजे ते मोठे राखी सातभाई नव्हेत. आपले नेहमीचेच मातकट, फिकट डोळ्यांचे आणि दिवसभर कुरबुरणारे.

गेल्या शनिवारी त्यांच्यात तीन पिल्लं दिसली. दोन नक्की सातभाईंचीच : आखूड शेपटी, गडद डोळे (ह्यांचे डोळे वयाबरोबर फिकट होतात). तिसरं मात्र भलतंच. अंगानं त्या दोघांपेक्षा सडपातळ, शेपटी लांब, वरून करडं-तपकिरी, खालून मळकट फिकट. पंख थरथरवत सारखं ओरडत होतं, आणि जो सातभाई जवळून जाईल तो त्याच्या चोचीत काहीतरी कोंबत होता. मी तासभर बाभळीखाली बसले. पंचवीसेक खेपा झाल्या असतील, त्यातल्या निम्म्याहून जास्त ह्या एकट्याला. भरवणारे दोन नव्हते. एकाचं शेपटीतलं पीस तुटलंय, एक जरा लंगडतो, ते दोघंही आले आणि आणखी किमान तिघं.

परपुष्ट पिल्लू (म्हणजे दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांनी वाढवलेलं) आहे एवढं मला कळतं. आपल्याकडे सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारे प्रामुख्यानं दोघं, पावशा आणि चातक. दोघांचीही अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखी निळी. (दक्षिण आफ्रिकेत हाच चातक बुलबुलांच्या घरट्यात पांढरी अंडी घालतो आणि तिथंही त्याचं भागतं, हे वाचून मी चक्रावले.) पावशा मे महिन्यात आमच्याकडे 'पेर्ते व्हा' करून डोकं उठवत होता. चातक जूनमध्ये विजेच्या तारेवर दोनदा दिसला. म्हणजे संशयित दोघंही गावातच!

आधी मी असा हिशोब मांडला : पावशाचं पिल्लू सहसा यजमानाची (ज्याचं घरटं त्या पक्ष्याची) अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं, चातकाचं तसं करत नाही. इथं सातभाईंची दोन पिल्लं जिवंत आहेत, म्हणजे हा चातक. पण मग वाचनात आलं की पक्षीतज्ज्ञ जेर्डननं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय : पावशाचं पिल्लू दर वेळी ढकलतंच असं नाही, सातभाईंच्या पिल्लांबरोबर तेही फिरताना दिसतं. झालं, माझा पुरावा गेला.

मोबाइलवर काढलेल्या फोटोत पानांची सावली आहे, पोटावर रेघा आहेत की नाहीत ते धड कळत नाही. डोक्यावर तुरा असल्यासारखा वाटतो, पण पाऊस पडून गेला होता, ओली पिसंही तशीच उभी राहतात. तर जाणकारांनी सांगावं, नक्की काय बघू?

दुसरी अडचण घरातली. काकू म्हणते, "पेर्ते व्हा म्हणून आपल्याला कामाला लावतो आणि स्वतःचं पोर दुसऱ्याच्या पदरात टाकतो. उचल ते आणि दे सोडून ओढ्यापलीकडे." बाबा म्हणतात, पावशाला हात लावायचा नाही. मी बाबांच्या बाजूची आहे. रानपक्ष्याचं पिल्लू उचलणं कायद्यात बसत नाही, आणि मुळात त्यात कुणाचं भलं आहे? पण काकूला पटेल असं काही सुचवा.

तिसरा प्रश्न खरं तर मला जास्त छळतोय. सातभाईंमध्ये एका घरट्यातली पिल्लं सगळा थवा मिळून वाढवतो. मदतनीस बहुधा नात्यातलेच, म्हणजे उत्क्रांतीचे अभ्यासक हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेला हिशोब : भावंडं वाढवली तरी आपल्याच रक्ताचा वाटा पुढं जातो. मग ह्या परक्या पिल्लाला एका जोडप्याऐवजी पाच-सहा चोची फुकट मिळाल्या की! दुसरीकडे, थवा मोठा म्हणजे पहारेकरीही जास्त. ऑस्ट्रेलियातल्या फेअरी-रेन पक्ष्यांवरचं २०१३ मधलं संशोधन सांगतं की मोठ्या गटांना कोकिळा लवकर दिसते आणि ते तिला चांगली हुसकावतात. सातभाईंच्या बाबतीत पारडं कुठं झुकतं? चातकाची जोडी म्हणे संगनमत करते, एकानं यजमानांना गुंतवायचं आणि मादीनं तेवढ्यात घाईघाईनं अंडं टाकून पळायचं. नऊ जणांना गुंतवणं सोपं की अवघड? कुणी स्वतः पाहिलं असेल तर जरूर लिहा.

भर (बुधवार) : 'उडताना पंख बघा' हे सुचवणाऱ्यांचे आभार. मी पुण्यात, त्यामुळे कामगिरी बाबांवर. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला : "बांधावरून पलीकडे गेलं. पंखावर चुन्याचं बोट लागल्यासारखा डाग आहे, शेपटीची टोकंही पांढरी. आणि तोंड उघडलं की आतून लाल." अंग कोरडं असतानाही तुरा दिसला म्हणे, छोटा. शेपटीवर आडवे पट्टे नाहीत, हेही मी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे चातकच. काकूला सांगितलं, हे पावशाचं नाही, पावसाची वाट बघणाऱ्या चातकाचं आहे. ती म्हणाली, "मग राहू दे." एवढ्यानं प्रश्न सुटेल असं वाटलं नव्हतं.

आता उरलं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि एक नवीन : हे असं भरवणं साधारण किती दिवस चालतं? पावशाचं पिल्लू जवळजवळ महिनाभर पालकांच्या मागं फिरतं असं वाचलंय, चातकाचं सापडलं नाही. सातभाईंची दोन पिल्लं आता स्वतः माती उकरायला लागलीत. हे अजून फांदीवर बसून ओरडतंय.