८०-आयबीए : तळमजल्यावर सहा गाळे, ३ टक्के नेमके कशाचे?

कुपवाडरोड

सांगलीत महापालिका हद्दीत आमच्या एलएलपीची (मर्यादित दायित्वाची भागीदारी फर्म) एक स्कीम शेवटच्या टप्प्यात आहे. जागा फर्मच्याच नावावर, २,४०० चौ.मी. एकूण ४८ फ्लॅट : ३० फ्लॅट ५८ चौ.मी. कार्पेटचे, १८ फ्लॅट ६५ चे. रस्त्याच्या अंगाला सहा गाळे, प्रत्येकी १६ चौ.मी. कार्पेट. पहिली बांधकाम परवानगी २२ जानेवारी २०२१ ची, सुधारित नकाशा मे २०२३ मध्ये मंजूर. आयकराच्या ८०-आयबीए कलमाची वजावट (परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाच्या नफ्यावर शंभर टक्के) २०२२-२३ पासून काम जसं पुढं सरकेल तशी घेतोय.

आर्किटेक्टच्या क्षेत्र विवरणात एकूण बिल्टअप ४,०५० आणि गाळ्यांचं ११८ आहे, म्हणजे २.९१ टक्के. तेव्हा दुकानांसाठीच्या ३ टक्के मर्यादेच्या आत आहोत, असं धरून चाललोय. पण एकजण म्हणतो टक्केवारी बघायचीच नाही, ५,००० चौ. फुटांपर्यंत दुकानं चालतात. दुसरा म्हणतो १५ टक्क्यांपर्यंत चालतं. बरोबर काय? आणि प्रकल्प पूर्ण करायची पाच वर्षं सुधारित परवानगीपासून मोजायची ना?

गणपतीपेठ_सीए

तिघांनी तीन वेगळ्या तरतुदींतली वाक्यं उचललीत.

५,००० फूट हे जुन्या ८०-आयबी(१०) मधलं. तिथं आधी ५ टक्के किंवा २,००० चौ. फूट यांत जे कमी ते होतं, २०१० च्या दुरुस्तीनं ३ टक्के किंवा ५,००० चौ. फूट यांत जे जास्त ते झालं. ते कलम ३१ मार्च २००८ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांचं, तुमच्याशी त्याचा संबंध नाही. १५ टक्के हे जीएसटीतलं : १ एप्रिल २०१९ पासून दुकानांचं कार्पेट एकूण कार्पेटच्या १५ टक्क्यांत असेल तर प्रकल्प निवासी धरतात आणि दुकानांनाही ५ टक्क्यांचा दर लागतो. आयकरात त्याचा काडीचा उपयोग नाही.

८०-आयबीएमध्ये दुकानं आणि इतर व्यापारी जागा मिळून एकूण कार्पेटच्या ३ टक्के, बस्स. 'जे जास्त ते' नाही. २०१६ मध्ये कलम आलं तेव्हा शब्द बिल्टअप होता, २०१७ मध्ये तो कार्पेट झाला आणि व्याख्या रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याची. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची वगळायची, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. तुमचे ४,०५० आणि ११८ दोन्ही आकडे इथं गैरलागू.

आता खरं गणित. फ्लॅट : ३० × ५८ = १,७४०, १८ × ६५ = १,१७०, मिळून २,९१०. गाळे ६ × १६ = ९६. एकूण ३,००६. ९६ भागिले ३,००६ म्हणजे ३.१९ टक्के. तुम्ही मर्यादेबाहेर आहात. छेदात गाळेही येतात, त्यामुळं मर्यादा काढायची सोपी रीत : फ्लॅटचं कार्पेट गुणिले ३ भागिले ९७. तुमच्याकडं ती बरोबर ९० चौ.मी. येते. सहा मीटरसाठी अडकलाय.

ब्रह्मा असोसिएट्सचा निकाल कुणी पुढं करेल, म्हणून आधीच लिहितो. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये, स्थानिक संस्थेनं गृहप्रकल्प म्हणून मंजूर केलं असेल तर नियमांत बसणारी दुकानं चालतात, असं म्हटलं. पण ते कलमात व्यापारी क्षेत्राची मर्यादाच नव्हती त्या काळाबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये 'सरकार बिल्डर्स' खटल्यात १ एप्रिल २००५ आधी मंजूर प्रकल्पांना नवी मर्यादा लावली नाही, तेही त्याच कारणानं. इथं मर्यादा पहिल्या दिवसापासून कलमातच लिहिलीय.

पाच वर्षांचं उत्तर आणखी कडू आहे. परवानगी कितीही वेळा घेतली तरी नकाशा पहिल्यांदा मंजूर झाला ती तारीख धरतात. म्हणजे तुमची मुदत २१ जानेवारी २०२६ पर्यंतच. महारेराकडून मुदतवाढ मिळाली असेल तरी ही पाच वर्षं वाढत नाहीत. आणि लागतो तो संपूर्ण प्रकल्पाचा पूर्णत्वाचा दाखला. एका विंगचा भाग भोगवटा (तेवढ्याच भागाच्या वापराचा दाखला) घेऊन दुसरी नंतर, हे चालणार नाही.

मुदत चुकली तर आजवर घेतलेली सगळी वजावट, मुदत संपते त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. समजा तीन वर्षांत मिळून १.८५ कोटी घेतलेत. ३० टक्के कर, त्यावर १२ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३४.९४४ टक्के. साधारण ६४.६५ लाख एकदम. आधी एएमटी (वजावट घेऊनही भरावा लागणारा किमान कर) भरला असेल तर त्याचं क्रेडिट यातून वजा होईल, तेवढाच दिलासा.

नकाशा_आणि_टेप

गाळे कमी करायचे दोन मार्ग दिसतात.

पहिला, एक गाळा सोसायटी ऑफिस म्हणून नकाशात दाखवायचा. मग ८० भागिले २,९९०, म्हणजे २.६८ टक्के. स्वच्छ मार्ग. पण ते खरंच सोसायटीला द्यायचं. बाहेर शटर आणि आत पानपट्टी, असं असेल तर अधिकारी जागेवर येऊन फोटो काढतो.

दुसरा, मागची भिंत पुढं घ्यायची. गाळा ३.२ × ५ मीटरचा असेल असं धरतो. मागची भिंत ४५ सें.मी. पुढं घेतली की खोली ४.५५, कार्पेट १४.५६. सहा गाळ्यांचं ८७.३६, टक्केवारी २.९१. मागं उरलेली पट्टी मीटर रूमला किंवा डक्टला जोडायची. भिंत नुसती विटांची असेल तरच हे जमतं, कॉलम-बीमच्या रांगेत असेल तर नाद सोडा. ९० ला चिकटून ८९.८ वगैरे करू नका. बांधकाम प्रत्यक्षात दोन-तीन सें.मी. इकडं-तिकडं होतंच.

गाळ्यात पोटमाळा नकाशावर दाखवला असेल तर त्याचं क्षेत्रही धरून चाला. वरच्या मजल्यावर एखादा फ्लॅट 'क्लिनिक' किंवा 'ऑफिस' असा लिहिलेला राहिला असेल तर तो गाळ्यांत मोजला जाईल. मी बघितलेल्या नकाशांत ही चूक सर्रास असते, कारण सुधारित नकाशा करताना जुनं लेबल तसंच राहतं.

गाळ्याचा करार नोंदवून झाला असेल तर त्या खरेदीदाराची लेखी संमती लागेल, आणि इमारतीच्या आराखड्यात बदल असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणं दोन तृतीयांश खरेदीदारांची. म्हणून सोसायटी ऑफिससाठी न विकलेला गाळा निवडा. सुधारित मंजुरी आधी, पूर्णत्वाचा अर्ज नंतर. उलटं केलंत तर दाखल्यासोबत जुनेच ९६ येतील. अग्निशमनाचा अंतिम दाखला, लिफ्टचा परवाना, ड्रेनेज जोडणी, रेनवॉटर हार्वेस्टिंग यांच्या मागं आत्तापासूनच लागा. अर्ज अडतो तो बांधकामामुळं नाही, असल्या एखाद्या कागदामुळं.

जागेचं क्षेत्रही बघून ठेवा. किमान २,००० चौ.मी. लागतात. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा आणि जागेवरचं माप यांत सर्वांत कमी असेल ते क्षेत्र विवरणात येतं. तुमच्याकडं ४०० ची सवड आहे, पण रस्तारुंदीत किती गेलं ते तपासा. एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) किमान ८० टक्के वापरायचा असतो. १.१० मूळ धरून २,६४० आणि त्यावर ६० टक्के ॲन्सिलरी (पूरक) एफएसआय, ढोबळ ४,२२४ होतात. तुमचे ४,०५० त्यात आरामात बसतात.

कुपवाडरोड

दोघांचेही आभार. दोन गाळे न विकलेले आहेत, सोसायटी ऑफिसचाच मार्ग धरतो. अजून एक. एका गिऱ्हाईकाला शेजारशेजारचे दोन फ्लॅट हवेत, एक नवऱ्याच्या आणि एक बायकोच्या नावावर. मधली भिंत काढून एकच करायचंय. द्यावेत का?

गणपतीपेठ_सीए

अजिबात नको. एका व्यक्तीला फ्लॅट दिला की तिला स्वतःला, जोडीदाराला किंवा अज्ञान मुलांना त्याच प्रकल्पात दुसरा देता येत नाही. सख्खे भाऊ चालतील, बाप आणि सज्ञान मुलगा चालेल, नवरा-बायको नाही. करारात तसं प्रतिज्ञापन घालून घ्या. शिवाय दोन ५८ जोडले की ११६ होतात, आणि मेट्रोबाहेर एका फ्लॅटच्या कार्पेटची मर्यादा ९० ची आहे. ज्यांची जागा विकसन करारनाम्यावर आहे त्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं : जागामालकाला मोबदला म्हणून आठ-दहा फ्लॅट दिले की हीच अट आडवी येते. त्याला विक्रीतला हिस्सा पैशांत द्यावा, हे बरं.

८०-आयबीएत फ्लॅटच्या किमतीवर असलेली ४५ लाखांची मर्यादा मुद्रांक मूल्यांकनावर असते, कराराच्या रकमेवर नाही. जीएसटीतले ४५ लाख मात्र प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर. त्यामुळं एकच फ्लॅट आयकरात बसतो आणि जीएसटीच्या १ टक्क्याच्या दरात बसत नाही, असं होऊ शकतं. ६५ चे १८ फ्लॅट एकेक करून तपासा. पार्किंगचं मूल्यांकनही त्यात मिळवलं जातं.

आकडेमोड_सातारा

एएमटीचा ओझरता उल्लेख झाला, त्यावर थोडं. शंभर टक्के वजावट म्हणजे कर शून्य, असं एलएलपीला होत नाही. १८.५ टक्के अधिक उपकर, म्हणजे १९.२४ टक्के भरावेच लागतात. समायोजित उत्पन्न कोटीवर गेलं तर अधिभारही. त्यासाठी सीएचा अहवाल, फॉर्म २९सी, लागतो. क्रेडिट १५ वर्षं पुढं नेता येतं, पण स्कीम संपल्यावर एलएलपी गुंडाळली तर ते बुडालं. पुढचं काम त्याच एलएलपीत घ्या.

कंपनीनं २२ टक्के कराचा पर्याय घेतला असेल तर ही वजावट मिळतच नाही. प्रोप्रायटरला नव्या करप्रणालीतून बाहेर पडायला फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो. रिटर्न वेळेत हवं, ऑडिटवाल्यांना एरवी ३१ ऑक्टोबर. एक दिवस उशीर झाला तरी कलम ८०एसी प्रमाणं वजावट गेली.

आणि न विकलेला गाळा भाड्यानं दिलात तर ते भाडं या वजावटीत येत नाही, बँकेतल्या ठेवीचं व्याजही नाही. या प्रकल्पाचे हिशेब वेगळे ठेवणं सक्तीचंच आहे. ही दोन खाती नफ्यात मिसळून जाऊ नयेत, म्हणून त्यांची लेजर पहिल्यापासून वेगळी उघडा.