केनियाहून नागपूरला परतताना आलेला शीण उतरत नाही, काय करावे?

प्रश्न (सदर)
आमच्या चर्चच्या मंडळीतील आठ जण केनियातील किसुमूजवळच्या एका मिशन दवाखान्यात दोन आठवडे सेवा करून गेल्या मंगळवारी नागपूरला परतलो. जाताना काहीच जाणवले नाही, परतीने मात्र सगळ्यांना पार मोडून टाकले. किसुमूहून नैरोबीपर्यंत सात-आठ तास बस, विमानतळावर रात्रभर ताटकळणे, मग मुंबईचे सुमारे सहा तासांचे विमान. आणि मुंबईत सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडेपर्यंत नागपूरचे विमान निघून गेलेले. ते तिकीट वेगळे काढलेले असल्यामुळे पैसेही बुडाले. शेवटी रात्रीच्या गाडीत दोघांत एक बर्थ करून आलो. स्टेशनवर उतरताना पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. चपला हातात धरूनच मी ऑटोत बसले. आज पाचवा दिवस आहे, तरी दुपारी चार वाजले की डोळे मिटतात, आणि उद्या रविवारी उपासनेनंतर साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथला अनुभव मंडळीसमोर सांगायचा आहे. हा जेटलॅग असेल का? पुढच्या वेळी परतीची आखणी कशी करावी?

उत्तर १ (मनीषनगर, निवृत्त डॉक्टर)
ताई, केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच मागे आहे. तेवढ्या फरकाने शरीर पाच दिवस रेंगाळत नाही. हा जागरणाचा आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याचा शीण दिसतो. दोन्ही पायांची सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते, पण एकाच पोटरीत सूज आणि दुखणे असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवावे.

मला काळजी वेगळीच वाटते. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा तो सगळा पट्टा मलेरियाचा आहे. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन घेत असाल, तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि आपली माणसे घरचे वरण-भात दिसले की गोळ्या विसरतात. ताप आला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. लगेच रक्त तपासून घ्या आणि आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर इथे पहिला संशय डेंग्यूवरच जातो.

उत्तर २ (मानकापूर)
आम्ही मागच्या खेपेला नैरोबीहून दोहामार्गे थेट नागपूरला आलो. तिकीट महाग पडले, पण बॅगा नैरोबीला दिल्या त्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच हाती आल्या आणि मुंबईची धावपळ वाचली. हे विमान रोज असेलच असे धरू नका, आधी वार पाहूनच बाकीचे ठरवा. मुंबईमार्गेच यायचे असेल, तर शेवटपर्यंत एकच तिकीट काढावे. मग पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीकडे राहते. पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड हातातल्या पिशवीत असू द्या. आमच्यातल्या एकाने ते मोठ्या बॅगेत टाकले होते आणि त्याच्यापायी आम्ही सगळे तासभर आरोग्य तपासणीच्या खिडकीशी उभे होतो. (आठ जणांची तिकिटे खजिनदाराच्या हाती सोपवली की तो स्वस्तात स्वस्त तेच काढणार, हेही लक्षात असू द्या.)

उत्तर ३ (इंदोरा)
साक्ष पुढे ढकला, ताई. मी परतल्याच्या तिसऱ्याच दिवशी बोलायला उभा राहिलो आणि ज्या गावात दहा दिवस राहिलो, त्याचे नावच आठवेना. पहिल्या बाकावर बसलेल्या बायकोने ते ओठांनी सांगितले.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. पाळकसाहेबांशी बोलले; साक्ष एक रविवार पुढे गेली. डॉक्टरसाहेब, तुमचे उत्तर वाचून सगळ्यांना फोन केले, तेव्हा कळले की आठांपैकी तिघांनी गोळ्या मुंबईतच बंद केल्या होत्या. त्यांपैकी एकाला काल रात्रीपासून कसकस आहे. त्याला घेऊन आत्ताच रक्त तपासायला निघाले आहे. बाकीच्या दोघांनाही तिथेच बोलावले आहे.