काळ्या मातीच्या अंगणात पाणी साचते, मदत हवी आहे

नाशिकच्या आमच्या घरामागील अंगणात चिकण काळी माती असून, पावसाळ्यात ती फुगल्यामुळे पाणी झिरपत नाही, हिरवळीची मुळे कुजतात आणि कडेच्या फरश्या उचलल्या जातात. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माळीबुवा वाळू मिसळण्यास सांगतात, परंतु चिकणमातीत थोडीशी वाळू घातल्यास ती अधिकच घट्ट बसते, त्यामुळे मला शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत अधिक योग्य वाटते. शिवाय उताराच्या दिशेने दीड फूट खोल चर खणून त्यात खडी व छिद्रांचा पीव्हीसी पाइप घालण्याचा विचार आहे. गाळाने चर बुजू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड पुरेसे ठरते का? कुंपणाच्या भिंतीपासून चर किती अंतरावर असावा? हिरवळीऐवजी ओल सोसणारे काय लावावे (कर्दळ सोडून, ती आधीच माजली आहे)?