दिवाळी निधी: फिरत्या दवाखान्याची गाडी घ्यायची का?

प्रेषक: सचिव (मूळ अमळनेर)

सर्वांना सप्रेम नमस्कार,

इथे परदेशात आपल्या मंडळाने केलेला दिवाळीचा कार्यक्रम आणि भरीत पार्टी यांतून जमलेले पैसे खान्देशातल्या आरोग्याच्या कामाला द्यायचे, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलंच आहे. कशावर खर्च करायचे तेवढं बाकी आहे. कार्यकारिणीपुढे एक सूचना आली आहे. तपासणीचं टेबल, रक्त तपासायची सोय आणि औषधांचं कपाट असलेली एक गाडी घ्यायची आणि सातपुड्याच्या भागात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला फिरता दवाखाना म्हणून द्यायची. गाडीवर मंडळाचं नाव राहील. पुढच्या बैठकीआधी मतं कळवा. ज्यांनी तिकडे काम केलंय त्यांनी तर नक्की लिहा.

प्रेषक: जिभाऊ (मूळ चोपडा)

ताई, सूचना एकदम पसंत.

मी लंडनमध्ये एक्स-रे विभागात आहे, त्यामुळे ‘फाइंड अँड ट्रीट’ची गाडी जवळून पाहिली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचं हे पथक रस्त्यावर झोपणाऱ्यांचा टीबी शोधतं. एक्स-रे मशीन गाडीतच बसवलेलं. गाडी रात्रनिवाऱ्यांच्या, हॉस्टेलांच्या दारात जाऊन उभी राहते, माणूस आत येतो, छातीचा फोटो निघतो आणि लगेच पडद्यावर बघता येतो. संशय आला तर त्याला तिथूनच पुढच्या तपासणीला नेतात. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्या पथकात स्वतः कधीकाळी बेघर राहिलेली माणसं कामाला आहेत. डॉक्टरने दहा वेळा बोलावलं तरी न उठणारा माणूस त्यांच्या एका शब्दावर उठतो. आपल्याकडे गाडी दिली तर पाड्यावरचीच माणसं तिच्यावर नेमली पाहिजेत, भिली आणि पावरी बोलणारी. माझा पाठिंबा आहे आणि माझा हप्ताही वाढवून धरा.

प्रेषक: डॉक्टर ताई (मूळ शहादा)

सचिव ताई, जिभाऊ,

इकडे येण्याआधी मी धडगाव भागात भरारी पथकात डॉक्टर होते. नवसंजीवनी योजनेतली ही पथकं म्हणजे सरकारी फिरता दवाखानाच. म्हणून स्पष्ट लिहिते: गाडी घेऊ नका. गाडी चालत राहावी म्हणून पैसे द्या.

मोलगी, धडगाव, तोरणमाळ या पट्ट्यातला माणूस दुखणं अंगावर का काढतो? क्रुझर जीपचं जाण्या-येण्याचं भाडं, त्याची मजुरी बुडते ती, सोबत येणाऱ्याची बुडते ती, आणि एवढं करून डॉक्टर भेटेलच याची खात्री नाही. गाडी पाड्याजवळ आली की भाडं वाचतं, मजुरी वाचते. खात्री मात्र गाडीने येत नाही, ती ठरलेल्या वाराने येते. आपल्याकडे सगळा व्यवहार आठवडे बाजारावर चालतो. मीठ-मिरची, बियाणं, उसनवारी फेडणं, सोयरिकीची पहिली बोलणीसुद्धा बाजारातच. दर बाजाराला त्याच झाडाखाली दवाखान्याची गाडी उभी दिसली, की चौथ्या-पाचव्या बाजारापासून बीपीचे पेशंट स्वतःहून गोळ्या संपल्याचं सांगायला येतात. दोन बाजार चुकले की सगळं पहिल्यापासून. जिथे थांबायचो तिथल्या म्हाताऱ्या दुखणं सांगायच्या आधी एकच विचारायच्या, “डाक्टर आखो कवय येशी?” म्हणजे पुन्हा कधी येशील? माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नसायचं, कारण डिझेलचं बिल कधी मंजूर होईल ते मलाच माहीत नसायचं.

सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं सांगते, कारण नंदुरबारमध्ये फिरता दवाखाना म्हटला की ते आलंच. पहिली तपासणी झाडाखालीही होते. बोट टोचायचं, थेंबभर रक्त छोट्या नळीतल्या द्रावात मिसळायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. द्राव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेलचा संशय. मग प्रयोगशाळेत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पक्की चाचणी करून माणूस नुसता वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण मुलांत आजार जाऊ शकतो) की रुग्ण ते ठरतं. ती पाच मिनिटं पोराला कडेवर घेतलेली आई नळीकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघत असते.

नळी गढूळ झाली तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्या आईच्या हातात पोचला पाहिजे, आणि तो तिला समजेल असा सांगितला गेला पाहिजे. रुग्ण असेल तर फोलिक ॲसिड, डॉक्टरांनी ठरवलं तर वेदनेचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया. ही गोळी रोजची, आणि ती चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. रक्त घेऊन गेले आणि सांगायला कोणी परत आलंच नाही, असं एखाद्या पाड्यावर घडलं की तिथली माणसं पुढच्या वेळी बोट पुढे करत नाहीत. यात त्यांचं काय चुकतं?

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. म्हणजे तपासणीचं सामान, गोळ्या यांसाठी सरकारची तरतूद आहे. परत जाण्यासाठी लागणारी माणसं आणि डिझेल यांतच खंड पडतो, आणि आपला पैसा तिथेच उपयोगी पडेल.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीकडे, सुरतेकडे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, अतिश्रम आणि पाणी कमी पिणं या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि उसाच्या फडात पहाटे तिन्ही एकदमच वाट्याला येतात. म्हणून फिरतीचं वेळापत्रक आर्थिक वर्षावर न आखता लोकांच्या ये-जा करण्यावर आखायला हवं. दिवाळीआधी फेऱ्या वाढवायच्या, आणि जी औषधं देखरेखीशिवाय देता येतात ती जास्त दिवसांची द्यायची. प्रत्येकाच्या हातात मराठी-गुजराती कार्ड ठेवायचं, म्हणजे तिकडच्या डॉक्टरलाही कळेल. होळीला माणसं घरी परततात, तेव्हा पुन्हा जोराने फिरायचं. जानेवारीत रिकाम्या पाड्यांवर गाडी फिरवून रजिस्टर भरण्यात काही अर्थ नाही.

आणि गाडी कसली घेणार? जिभाऊंनी लिहिलेली लंडनची गाडी उत्तमच आहे, पण चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड येते तेव्हा साधी जीप निघणं मुश्किल. नर्मदाकाठी तर चाकाचा उपयोगच नाही. सरदार सरोवरात आपल्या राज्यातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीसारख्या काठच्या वस्त्यांना बोटीवरचा तरंगता दवाखानाच लागतो. एका संस्थेला परदेशी देणगीतून मिळालेली सुंदर गाडी मी पाहिली आहे. टायर बसलेले, तपासणीच्या टेबलावर लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या रचलेल्या. गाडीला देणगी मिळाली होती, ड्रायव्हरच्या पगाराला कोणी दिली नाही. मला त्याचा आजही राग येतो.

प्रेषक: भाऊ (मूळ भुसावळ)

डॉक्टर ताईंचं सगळं पटलं. एक भर घालतो. खान्देश म्हणजे फक्त सातपुडा नाही. आमचं भुसावळ जंक्शन. रात्रीच्या गाड्यांनी उतरलेली आणि कुठेच न गेलेली माणसं स्टेशनच्या आसपास वर्षानुवर्षं राहतात. घरातून काढलेली म्हातारी माणसं, मनाचा तोल गेलेले, पायाला जखम चिघळलेले, खोकणारे. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणापासून हे बघत आलोय. या माणसांना सरकारी दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण दारातच आधार कार्ड, रेशन कार्ड आणि सोबत कोण आहे असं विचारतात. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार आता महिन्याला १००० रुपये देतं, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ५०० होते. पण ते बँक खात्यात येतात. ज्याच्याकडे उशाला पिशवी सोडून काही नाही त्याचं खातं कुठलं?

तिथे मोठ्या गाडीची गरजच नाही. एक नर्सबाई, ड्रेसिंगचं सामान, थुंकीचे नमुने न्यायची सोय, आणि कागदपत्रं व खातं काढून द्यायला चिकाटीचा एक माणूस, एवढं रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्टेशनाबाहेर असलं तरी खूप होईल. टीबीचं साधं औषधसुद्धा सहा महिने चालतं. तो माणूस मध्येच गाडीत बसून निघून गेला तर शोधणार कोण, हाही विचार आधीच व्हावा.

प्रेषक: नाना, खजिनदार (मूळ एरंडोल)

मंडळी, पैशाच्या बाजूने दोन गोष्टी.

आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, त्यामुळे आपली देणगी भारतीय कायद्याने विदेशी देणगी ठरते. ती एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. ती संस्था हे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला द्या, ती भुसावळच्या लहान गटाला देईल, हा मार्ग बंद. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र विदेशी धरत नाहीत. भुसावळचं काम अशा सभासदांनी वैयक्तिक पातळीवर उचलावं. माझा पासपोर्ट बदलला आहे, म्हणून मी त्यात बसत नाही, पण हिशेब ठेवायला तयार आहे.

दुसरं, गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते म्हणून सोपी वाटते. पगार आणि डिझेल दर महिन्याचे. किमान तीन वर्षांची हमी द्यायची असेल तर दिवाळीच्या वर्गणीवर भागणार नाही, मासिक हप्ते लागतील. कोण किती देणार ते लेखी हवं.

प्रेषक: डॉक्टर ताई

नाना, माझा मासिक हप्ता लिहून घ्या, रक्कम वेगळी कळवते. एक विनंती: इथून औषधं गोळा करून पाठवू नका. सगळी तिकडे बनतात आणि स्वस्त मिळतात. आणि संस्थेशी बोलताना किती रुग्ण तपासले हे नंतर विचारा. एकदा तपासलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, तो आकडा आधी मागा.

प्रेषक: सचिव

सर्वांचे आभार. बैठकीपुढे ठराव असा ठेवते: गाडी विकत घ्यायची नाही. आधीच फिरता दवाखाना चालवणाऱ्या एफसीआरए नोंदणीकृत संस्थेला नर्स, ड्रायव्हर, पाड्यावरचा एक आरोग्यसेवक आणि डिझेल यांचा तीन वर्षांचा खर्च द्यायचा. अट एकच, बाजाराच्या वारांचं वेळापत्रक आधी जाहीर झालं पाहिजे आणि फेरी चुकली तर कारण आपल्याला कळलं पाहिजे. गाडीवर मंडळाचं नाव नसलं तरी चालेल. नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहायचं काम डॉक्टर ताई आणि जिभाऊ करतील, म्हणजे सरकारी पथक जातं त्याच पाड्यावर त्याच दिवशी आपलेही लोक जाणार नाहीत. भुसावळसाठी भाऊंनी वेगळी यादी सुरू करावी.

नाना, एफसीआरए नोंदणी पाच वर्षांची असते. आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या संस्थांची मुदत कधी संपते, तेवढं बैठकीआधी बघून ठेवा.