अनुभव धागा: सामना बेसबॉलचा, बिअर आणि खाणं त्या गावचं

मंडळी, मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत जवळपास रोज बेसबॉल चालू असतो. प्रत्येक संघाचे १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. त्यामुळे बहुतेक गावांत तिकीट मिळतं आणि सहलीला निमित्तही. या खेळात बेस, म्हणजे धाव काढताना फलंदाज एकामागून एक गाठतो ते टप्पे, यांच्यातली अंतरं ठरलेली, पण बाहेरची भिंत किती लांब आणि किती उंच हे प्रत्येक मैदानाचं निराळं. बॉस्टनच्या फेनवे पार्कात डावीकडची भिंत ३७ फुटांहून उंच आहे! खाण्याचंही तसंच. माझं स्पष्ट मत आहे की मैदानात जाऊन पिझ्झा-नाचोज खाऊ नयेत. त्या गावची माणसं जे पिढ्यान्पिढ्या खातात ते खावं, आणि शक्यतो तिथेच बनलेली बिअर प्यावी. कुठे गेलात, काय खाल्लंत, शाकाहारी मंडळींचं कसं झालं, वर आपल्या गावाचं नाव टाकून सगळं लिहा. सुरुवात मी करतो.

शिकागो

आमच्या कब्स संघाचं रिगली फील्ड १९१४ सालचं. रेड लाइन ट्रेनने ॲडिसनला उतरलं की भरवस्तीत मैदान समोर उभं. १९८८ पर्यंत इथे दिवेच नव्हते, घरचे सगळे सामने दिवसाउजेडी व्हायचे. अजूनही दुपारच्या सामन्यालाच जा. उन्हात भिंतीवरची आयव्हीची वेल बघण्यासारखी असते. ती १९३७ साली लावली. चेंडू तिच्यात अडकला तर फलंदाजाला दोन बेस मिळतात. मधल्या जुन्या स्कोअरबोर्डवरचे आकडे आजही आत बसलेली माणसं हाताने बदलतात.

हॉट डॉग शिकागो पद्धतीचाच मागा: खसखस लावलेला पाव, मोहरीचा सॉस, कांदा, टोमॅटो, गडद हिरवी रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं), खारवलेल्या काकडीची लांब फोड, छोट्या तिखट मिरच्या आणि वरून सेलरीचं मीठ. केचप नाही. सोबत ओल्ड स्टाइल. ही बिअर मूळची विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसची, पण शिकागोने तिला कधीच दत्तक घेतलं आहे.

२०१६ मध्ये कब्सनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका जिंकली, तेव्हा लोकांनी मैदानाच्या बाहेरच्या विटांवर खडूने आपल्या गेलेल्या आजोबांची, वडिलांची नावं लिहिली. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली आणि ज्यांना तो दिवस दिसला नाही, अशांची नावं. तो भिंतींचा पट्टा मी चालत वाचला आहे. या खेळावर माझा जीव जडला तो तिथे.

मिलवॉकी

आमच्याकडे सामना पार्किंगमध्ये सुरू होतो. लोक दोन-तीन तास आधी येतात, गाडीची डिकी उघडतात, ग्रिल पेटवतात. ब्राटवुर्स्ट हे जर्मन सॉसेज कांदा घातलेल्या बिअरमध्ये शिजवायचे आणि मग निखाऱ्यावर खरपूस भाजायचे. शेजारच्या गाडीवाल्याशी ओळख नसली तरी तो एक हातात देतोच.

संघाचं नाव ब्रूअर्स, म्हणजे बिअर बनवणारे. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक इथे आले, मिशिगन सरोवराचा बर्फ हाताशी होता, आणि मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ असे एकेक कारखाने उभे राहिले. आत गेल्यावर ब्राटवुर्स्टवर इथला सिक्रेट स्टेडियम सॉस घ्यायलाच हवा. सहाव्या डावात सॉसेजच्या वेषातली माणसं मैदानाच्या कडेने शर्यत लावतात, माझी मुलं त्यासाठीच येतात. बिअर घेणाऱ्यांनी न्यू ग्लॅरसची स्पॉटेड काऊ चाखावी. ती विस्कॉन्सिनच्या बाहेर विकतच नाहीत. एप्रिलमध्ये थंडी असली तरी घाबरू नका, मैदानाला सरकतं छत आहे.

पिट्सबर्ग, मूळची मिरजेची

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना आमच्या पायरेट्स संघाच्या मैदानावर, पीएनसी पार्कला नेलं. आई शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात, त्यावरून सगळं गाव चालत येतं. बाबांनी पुलाच्या नावाची चौकशी केली. रोबेर्तो क्लेमेंटे हा प्वेर्तो रिकोचा, पायरेट्सकडून खेळलेला खेळाडू, बरोबर ३००० हिट्स (चेंडू फटकावून बेस गाठणं) झालेला. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला. त्याचा क्रमांक २१, म्हणून उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे. हे ऐकल्यावर बाबा सामना वेगळ्याच आस्थेने बघायला लागले.

आईसाठी पिएरोगी घेतले. पोलाद कारखान्यांत राबायला पूर्व युरोपातून आलेल्या लोकांचा हा पदार्थ. उकडलेल्या करंजीत बटाटा आणि चीज भरावं तसा लागतो, वर लोण्यात परतलेला कांदा. आईने दुसरी प्लेट स्वतः जाऊन आणली! पारीच्या पिठात बऱ्याचदा अंडं असतं आणि कुठे कुठे वर बेकन टाकतात, तेव्हा विचारून घ्या. बाबांनी आणि मी प्रिमांटी या इथल्या दुकानाचं सँडविच वाटून खाल्लं. फ्रेंच फ्राइज आणि कोबीची कोशिंबीर पावाच्या आतच. ट्रकवाल्यांना एका हाताने खाता यावं म्हणून तसं करतात, असं इथे सांगतात. सोबत आयर्न सिटी बिअर, १८६१ पासूनचं नाव. नदीपलीकडे उंच इमारतींवर संध्याकाळ उतरत होती आणि बाबांनी विचारलं, "उद्या पण आहे का गं मॅच?"

(आणखी एक: भारतातल्या टॅलेंट शोमधून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन मुलांना २००८ मध्ये पायरेट्सनीच करारबद्ध केलं होतं.)

न्यू जर्सी

न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या सिटी फील्डवर मी पहिल्यांदा गेलो ते सचिनसाठी. नोव्हेंबर २०१५, सचिन आणि शेन वॉर्न यांचे क्रिकेट संघ न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस इथे बेसबॉलच्या मैदानांवर खेळले होते. मधोमध बाहेरून आणलेली खेळपट्टी, आणि "सचिऽऽन, सचिन" तसंच, वानखेडेवर असतं तसंच. त्या दिवशी मैदान आवडलं म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मेट्स बघायला गेलो आणि मग जातच राहिलो.

आमचा क्रम ठरलेला. सात नंबरची ट्रेन शेवटच्या स्टेशनापर्यंत, फ्लशिंगला. तिथून बाउन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ. दर्शन झालं की तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा आणि कॉफी. मग उलट्या ट्रेनने एकच स्टेशन, की मैदान. सासूबाईंना ही वाट फार आवडते. मैदानात क्वीन्स-ब्रुकलिनकडची कुठली बिअर आहे ते काउंटरवर विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा, बऱ्याच मैदानांवर सातव्या डावानंतर बिअरची विक्री थांबते. २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ आल्याने सामनेही आटोपशीर झालेत, साधारण पावणेतीन तासांत संपतात.

डेन्व्हर

कूर्स फील्डच्या वरच्या स्टँडमध्ये एक रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, समुद्रसपाटीपासून नेमकी एक मैल उंच. हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून २००२ पासून चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवतात. ब्लू मून ही बिअर १९९५ मध्ये याच मैदानातल्या ब्रुअरीत जन्मली. तिथे बसूनच प्यावी. पाणी मात्र भरपूर प्या.

टोकियो

अमेरिकेबाहेरचंही चालेल ना? जिंगू स्टेडियम १९२६ चं, अमेरिकेचा दिग्गज खेळाडू बेब रूथ १९३४ मध्ये इथे खेळून गेलाय. याकुल्ट स्वॅलोज या घरच्या संघाने धाव केली की सगळं स्टँड छोट्या छत्र्या उघडून नाचतं. पाठीवर बिअरची टाकी घेऊन मुली पायऱ्या चढत-उतरत असतात. हात वर केला की त्या गुडघ्यावर बसून ग्लास भरतात, वर फेसाचा नेमका थर. त्या वजनासह सगळा सामनाभर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जात नाही, मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. खाणं बाहेरून नेता येतं, म्हणून आम्ही बेंतो (जपानी जेवणाचा डबा) घेऊन जातो. आत उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा मिळतात, शाकाहाऱ्यांनी त्याच धराव्यात.

डॅलस

सचिनचा विषय निघालाच आहे तर आमच्या ग्रँड प्रेअरीचं सांगते. हे स्टेडियम मूळ बेसबॉलचं, एअरहॉग्स नावाच्या संघाचं. पुढे ते क्रिकेटसाठी बदललं, आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये इथेच हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. बेसबॉल बघायचा तर आम्ही ऑस्टिनजवळ राउंड रॉकला जातो. छोट्या लीगचा संघ, तिकीट स्वस्त, मुलं हिरवळीवर लोळतात, आणि आम्ही टेक्सासचीच शायनर बॉक घेतो.

पुणे

जूनमध्ये मुलीकडे शिकागोला येतोय. गाडी चालवणार नाही. रिगली आणि मिलवॉकी दोन्ही एका शनिवार-रविवारात जमेल का?

मिलवॉकी

नक्की जमेल काका. शनिवारी दुपारी रिगली करा. रविवारी सकाळी ॲमट्रॅकची हायवाथा ट्रेन पकडा, दीड तासात इथे. दोन्ही संघ एकाच वेळी घरी असतील अशी तारीख वेळापत्रकात शोधावी लागेल, ती मी बघून कळवतो. स्टेशनवर घ्यायला येईन. ग्रिल आमचीच असेल, आणि काकूंसाठी कणसं आणि ढोबळी मिरच्या वेगळ्या जाळीवर भाजू.