टपालातला डाव सर्व्हरवर गेला, मग मधला माणूस कुठे गेला?

नौपाड्याचा_उंट
आमच्या ठाण्याच्या बोर्डगेम गटात रविवारी जुंपली, ते इथे टाकतोय. एका तरुण मित्राचं म्हणणं, टपालाने खेळणं हा निव्वळ नाइलाज होता, इंटरनेट आलं आणि सुटका झाली. मला हे अर्धंच पटतं. चाल पोचायला आठवडे लागायचे ते वाचले, उत्तम. पण त्या खेळात एक मधला माणूस असायचा. तो गेला आणि त्याच्याबरोबर मंडळही मोडलं.

डिप्लोमसी हा पटावरचा युद्धखेळ घ्या. तो रचणाऱ्या ॲलन कॅलहॅमरने १९५९ मध्ये पदरच्या पैशाने ५०० प्रती काढल्या. सात खेळाडू, सात सत्ता, फासे नाहीत. आधी गुप्त बोलणी, मग सगळ्यांचे लेखी हुकूम, म्हणजे कुणाचं सैन्य कुठे जाणार ते, एकदम उघडायचे. सात माणसं दिवसभर एका खोलीत जमणार कशी? म्हणून १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमनने ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक काढून डाव टपालाने चालवला. हुकूम त्याच्याकडे, निकाल त्याचा, आणि छापून सगळ्यांना धाडायचं कामही त्याचंच. मग अशी पत्रकं निघतच गेली. त्यांत खोट्या युद्धवार्ता, टोमणे, भांडणं, सगळं असायचं. आज निकाल प्रोग्राम लावतो आणि तो चुकत नाही, मान्य. पण “बरेच दिवस पत्र नाही, तब्येत बरी आहे ना?” हे तो विचारत नाही.

वाशीची_वजीर
हे गोड चित्र अमेरिका-इंग्लंडचं आहे हो. माझ्या लहानपणी वाशीच्या दुकानांत व्यापार, सापशिडी आणि कॅरम मिळायचं, डिप्लोमसीचा खोका मी कधी पाहिला नाही. समजा मिळालाही असता, तर? कुणा अनोळखी पुरुषाचं पोस्टकार्ड माझ्या नावाने घरी आलं असतं आणि पोस्टमनपासून आजीपर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. “फ्रान्सवर दोघं मिळून हल्ला करू” हे आजीला तुम्ही समजावणार होतात का?

आता मी पनवेल लोकलमध्ये उभ्या उभ्या चाल टाकते. समोर पोलंडचा माणूस असतो. मी बाई की बाप्या याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मधला माणूस, मंडळ वगैरे ज्यांना दार उघडं होतं त्यांच्या आठवणी आहेत.

आणि एक राहिलंच. तो मधला माणूस कंटाळला, त्याची नोकरी बदलली, त्याला मूल झालं, की सातही जणांचा डाव लटकला. अशा डावांना ते लोक स्वतःच ‘अनाथ’ म्हणायचे. सर्व्हरला मूल होत नाही.

जुना_पटवाला
बुद्धिबळात मधला माणूस नव्हताच मुळी. स्पर्धेला संचालक असे, पण तो तक्रारीपुरता. बाकी दोघांचा थेट पत्रव्यवहार. कार्डावर खेळी आकड्यांत, म्हणजे भाषेचा प्रश्न नाही. उभ्या पट्ट्यांना १ ते ८, आडव्यांना १ ते ८. आधी निघायचं घर, मग पोचायचं: राजापुढचं प्यादं दोन घरं म्हणजे ५२५४, राजाच्या बाजूचं कॅसलिंग ५१७१. खाली तुमचं कार्ड मिळाल्याची तारीख आणि उत्तर टाकल्याची तारीख. साधारण १० खेळ्यांना ३० दिवस, टपालातला वेळ त्यात धरत नसत. हुशार माणूस पुढचंही लिहून टाकी: “तुम्ही घोडा मारलात तर मी प्याद्याने मारतो.” एका ओळीत महिना वाचायचा.

त्यामुळे उंटसाहेब, तुमचं दुखणं खरं, पण निदान चुकलंय. पत्रबुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ ची. २००४ पासून तिचा स्वतःचा सर्व्हर आहे. त्याने काही बिघडलं नाही. बिघडवलं इंजिनने, म्हणजे खेळी शोधून देणाऱ्या संगणक प्रोग्रामने. पुस्तकं चाळायची मुभा पूर्वीही होती, आता इंजिन वापरायचीही आहे. वरच्या पातळीवर बरोबरीच बरोबरी. दोन लॅपटॉप एकमेकांना पत्र लिहितात आणि माणसं तिकीट लावतात.

आकडेमोड
थोडं विषयांतर. फाशांचे युद्धखेळ टपालाने कसे खेळत माहितीये? समोरच्याने फासा टाकल्याचं कोण मानणार! म्हणून ॲव्हलॉन हिल या अमेरिकन खेळकंपनीच्या टपाली संचात शेअर बाजार होता. तारीख आणि शेअर आधी ठरवायचे, त्या दिवसाच्या उलाढालीचा शेवटचा अंक वर्तमानपत्रात बघायचा, तोच फासा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लावणाऱ्यांना हे शिकवावं लागलं नसतं.

घोडबंदर_गेमर
पटवाले, इंजिन डिप्लोमसीतही आलंय. मेटाच्या सिसेरो प्रोग्रामने २०२२ मध्ये ऑनलाइन लीगमध्ये आपली ओळख न देता ४० डाव खेळले. माणसांशी चॅटवर युती वगैरे केली. एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांत तो वरच्या १० टक्क्यांत होता. पण प्रत्येक फेरीला वेळ किती, तर पाच मिनिटं! पाच मिनिटांत माणूसही यंत्रासारखंच लिहितो, “ओके, तू उत्तरेला जा.” तीन पानी पत्रात ओळखू आला असता की नाही, सांगा.

वाशीची_वजीर
तीन पानी पत्र तर आता यंत्र जास्तच छान लिहील.

नौपाड्याचा_उंट
पटवाले, बुद्धिबळापुरतं मान्य. दोघांच्या खेळात मंडळ लागत नाही, सातांच्या खेळात लागतं.

वजीरबाई, दाराचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद घालत नाही. पण ‘अनाथ’ डावाची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. दुसरा कोणी संपादक पुढे यायचा, सगळ्यांना पत्रं टाकायचा, पट पुन्हा मांडायचा आणि डाव पुरा करायचा. पैसे मिळत नव्हते त्याचे. सर्व्हरवर खेळाडू पळाला की त्याची सत्ता नुसती उभी राहते, बाकीचे दोन शिव्या घालून नवा डाव उघडतात. माझा आक्षेप एवढाच आहे, वेगाशी भांडण नाही.

वाशीची_वजीर
मग आक्षेप कशाला घेता, माणूस व्हा ना मधला! आठवड्याला एक फेरी, हुकूम शनिवारी रात्रीपर्यंत तुमच्याकडे, निकाल रविवारी तुम्ही लिहायचा, टोमण्यांसकट. टपाल नको, ईमेल चालेल. मी तुर्कस्तान.

घोडबंदर_गेमर
मी इंग्लंड. सिसेरो नाही, शप्पथ.

आकडेमोड
रशिया. उशीर झाला तर दंड काय?

जुना_पटवाला
मला युती-बिती जमत नाही, तरी येतो. फक्त तुर्कस्तान आणि रशिया गेल्यावर त्या दोघांच्या तोंडाशी असलेला ऑस्ट्रिया माझ्या गळ्यात मारू नका.

नौपाड्याचा_उंट
ऑस्ट्रिया तुम्हालाच. पहिले हुकूम येत्या शनिवारी. अजून तिघं हवेत.