आयांचा प्रार्थनागट: संवादरूपाने प्रार्थना कशी करता?

आळीपाळीने लांब प्रार्थना न करता, एकेका विषयावर दोन-तीन वाक्यांत मिळून प्रार्थना करणाऱ्या बहिणींनी इथे आपली पद्धत लिहावी. ‘फार आशीर्वाद मिळाला’ एवढ्यावर थांबू नका. वेळ कसा वाटून घेता आणि कुठे अडतं, तेही येऊ द्या.

गट चालवणारी

फर्न निकोल्स यांनी १९८४ मध्ये कॅनडात आयांचा प्रार्थनागट सुरू केला. तोच पुढे ‘मॉम्स इन प्रेयर’ म्हणून पसरला. त्यातल्या चार पायऱ्या आम्हीही धरतो: स्तुती, कबुली (आपल्या पापांची), उपकारस्तुती (देवाचे आभार), मध्यस्थी (मुलांसाठी मागणं). तासाभरात स्तुतीला १० मिनिटं, कबुलीला २-३, उपकारस्तुतीला ७-८ आणि उरलेला सगळा वेळ मध्यस्थीला.

स्तुतीसाठी देवाचा एकच गुण घ्यायचा. विश्वासूपणा असेल तर बायबलमधलं वचन, विलापगीत ३:२२-२३, मोठ्याने वाचायचं आणि त्यावरच राहायचं. इथे मागणं नाही, आभारही नाहीत. देव कोण आहे तेवढंच. नव्या बहिणींना हे सर्वांत जड जातं, दुसऱ्याच वाक्याला ‘आणि प्रभू, परीक्षेत यश दे’ येतं. वचन उघडं समोर ठेवलं की जीभ बरीच ताळ्यावर राहते.

कबुली मनातल्या मनात. मोठ्याने ठेवली तर स्वतःची राहते बाजूला आणि मुलांच्या चुकांची कबुली सुरू होते! शेवटी कोणीतरी १ योहान १:९ वाचायचं आणि पुढे जायचं.

दोन वेगळ्या गटांत बसणारी

मध्यस्थीचा नेम थोडक्यात: एक विषय, एका वेळी एक बहीण, दोन-तीन वाक्यं, आणि विषय संपल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. ऐकायला असं असतं:

‘प्रभू, माझ्या मुलीला वर्गात एकटं पाडतात. तिला सांभाळ.’
‘हो प्रभू, तिला एक तरी खरी मैत्रीण दे.’
‘तिच्या बाईंच्या हे लक्षात येऊ दे.’
‘आणि मला घरी तिचं नीट ऐकून घ्यायला शिकव.’

प्रत्येकीने ‘हे सर्वसमर्थ, स्वर्गीय, दयाळू पित्या’पासून सुरुवात करायची नाही आणि प्रत्येक वाक्यानंतर आमेनही नाही. हाक सुरुवातीला एकदा, ‘येशूच्या नावाने, आमेन’ शेवटी एकदा. मधल्या आमेनने विषय मिटल्यासारखा वाटतो आणि जोड द्यायला आलेली बहीण गप्प बसते.

दोघींपासून आठ जणींपर्यंत हे जमतं. त्याहून जास्त असतील तर मध्यस्थीपुरते दोन गट करावेत. नाहीतर बोलक्या चौघी बोलतात, बाकीच्या ऐकतात.

शांततेला घाबरणाऱ्यांसाठी

पाच-दहा सेकंद कोणी बोललं नाही की गटप्रमुख घाईने पुढचा विषय काढते. थांबा. त्या वेळात बहिणी आधीच्या वाक्याचा विचार करत असतात. अर्ध्या मिनिटाने विषय बदलला तरी काही बिघडत नाही.

एका गटाची चिटणीस

गप्पा सर्वांत जास्त वेळ खातात. ‘आधी विनंत्या सांगून घेऊ’ म्हटलं की अर्धा तास गेलाच. विनंती थेट प्रार्थनेतच मांडायची. तपशील देवाला ठाऊक असतो. बाकीच्यांना एक वाक्य पुरतं.

दुसरी अडचण नाजूक आहे: प्रार्थनेआडून दिलेला सल्ला. ‘प्रभू, ताईंना समज दे, त्यांनी मुलाच्या हातात मोबाईल देऊ नये.’ हे बोलणं देवाशी नाही, ताईंशी आहे. ज्या आईने विषय मांडला तिच्या मागण्याला जोड द्यायची, तिच्या वागण्यावर निकाल द्यायचा नाही. असं वारंवार होत असेल तर गटप्रमुखाने त्या बहिणीशी नंतर एकटीने बोलावं. भर गटात टोकलं तर ती पुन्हा तोंड उघडत नाही, आणि दुसऱ्याही दोघी गप्प होतात.

बोलायला लाजणाऱ्यांच्या बाजूने

मोठ्याने प्रार्थना न केलेल्या आईला ‘आता तू कर’ म्हणू नका. गोलाने पाळी लावली तर ती ऐकत नाही, आपलं वाक्य घोकत बसते. तिला वचन वाचायला द्या. कलस्सै १:९-११ मध्ये मुलाचं नाव घालून म्हणता येतं: ‘प्रभू, तुझी इच्छा काय आहे हे … ला पूर्णपणे कळू दे, त्याला धीर आणि सहनशीलता दे.’ हीसुद्धा पूर्ण प्रार्थनाच आहे. तिला नुसतं ‘हो प्रभू’ म्हणायचं असेल तर तेही चालू द्या.

एखादी रडली तर प्रार्थना थांबवून पाणी, चौकशी, समजावणं सुरू करू नये. शेजारणीने हात धरावा आणि तोच विषय दोन वाक्यांनी पुढे न्यावा. बोलणं नंतर.

ऑनलाइन भेटणारी

आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघी एकदम बोलतात आणि मग दोघी थांबतात. बोलून झाल्यावर ‘हो प्रभू’ म्हणायचं ठरवलं की पुढचीला कळतं. घरात मोठी मुलं असतील तर कानाला हेडफोन लावा, दुसऱ्याच्या मुलाचा विषय त्यांच्या कानावर जायला नको.

पुन्हा चिटणीस

गुप्ततेचं राहिलंच. गटातलं ऐकलेलं नवऱ्यालाही सांगायचं नाही, आणि ‘प्रार्थनेसाठी म्हणून’ मंडळीतल्या दुसऱ्या गटात तर अजिबात नाही. वहीत तारीख, मुलाचं आद्याक्षर आणि विषय एवढंच लिहा. उत्तर मिळालं की समोर त्याची तारीख. उपकारस्तुतीच्या वेळी हीच वही उघडायची, म्हणजे ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ असं मोघम राहत नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र विषय टाकू नका, तिथून कोण कुठे पाठवेल याचा भरवसा नाही.